मात्सुमोतोचा काळा किल्ला आणि त्याच्याभोवतीचं गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून कुणी येणार असलं की जपानचा बेत बहुतेक ठरलेला असतो: तोक्यो, फुजी, क्योतो, फार तर हिमेजी. मी तोक्योत राहते आणि प्रत्येकाला त्यात आणखी एक गाव घालायला लावते, नागानो प्रांतातलं मात्सुमोतो. जाण्याआधी लोक फोनवर जे विचारतात आणि आल्यावर जे सांगतात, ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

जपानात एवढे किल्ले आहेत, मग मात्सुमोतोच का?

कारण इथलं लाकूड मूळचं आहे. ओसाकाचा किल्ला नावाने मोठा, पण आज दिसते ती इमारत १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेली आहे आणि आत लिफ्ट आहे. किल्ल्याच्या मधोमध जी मजल्यांवर मजले चढवलेली मुख्य इमारत असते तिला तेन्शू म्हणतात. जुन्या लढाया, आगी, १८६८ नंतरच्या मेइजी काळातली पाडापाडी आणि १९४५ चे बॉम्बहल्ले या सगळ्यांतून मूळ तेन्शू उरले ते फक्त बारा. त्यांतल्या पाचांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे: हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुए आणि मात्सुमोतो.

दुसरं कारण माझं स्वतःचं. हा किल्ला गावाने वाचवला, आणि गावात फिरताना ते अजून जाणवतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की दोन तासांत किल्ला उरकून पुढची गाडी पकडणार असाल, तर मात्सुमोतो अर्धंच बघाल.

गावाने वाचवला म्हणजे नेमकं काय झालं?

१८६८ नंतर सामुराईंची सत्ता गेली आणि किल्ले सरकारला ओझं वाटू लागले. १८७२ साली मात्सुमोतोच्या तेन्शूचा लिलाव झाला. सुमारे २३५ र्यो (जुनं जपानी चलन) एवढ्या किमतीला तो विकला गेला, आणि घेणारा तो मोडून लाकूड-लोखंड काढून घेणार होता. तेव्हा इचिकावा र्योझो नावाचा इथलाच एक गावपुढारी पुढे आला. पाडकाम पुढे ढकला म्हणून त्याने अर्ज केले आणि १८७३ पासून किल्ल्यातच प्रदर्शनं भरवली. एरवी ज्या इमारतीत पाऊल टाकायची सोय नव्हती ती आतून बघायला मिळते म्हटल्यावर लोक लोटले. त्या पैशांतून किल्ला सोडवला गेला.

तरी हाल संपले नव्हते. तेन्शूचं वजन सुमारे हजार टन, आणि ते पेलायला दगडी चौथऱ्याच्या पोटात सोळा लाकडी खांब पुरलेले होते. ते कुजले आणि इमारत कलली. त्या काळचे फोटो पाहिले की पोटात गोळा येतो. मग इथल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी संस्था काढून वर्गणी जमवली, आणि १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षं डागडुजी चालली. संपूर्ण उतरवून पुन्हा जोडण्याचं काम १९५० ते १९५५ मध्ये झालं.

कलण्याची लोकांनी सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. १६८६ साली सारावाढीविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यांचा म्होरक्या तादा कासुके याला मृत्युदंड झाला, आणि मरताना त्याने किल्ल्याकडे अशा नजरेने पाहिलं की किल्ला वाकला. खांब कुजले हे खरंच, पण दोनशे वर्षं लोकांनी ही गोष्ट जपली, त्यामागचं दुःखही खरंच आहे.

आपल्या गडांसारखी चढण आहे का?

नाही. हा भुईकोट आहे. रायगड-राजगडाची सवय असलेल्यांना आधी चुकल्यासारखं होतं, कारण डोंगर सगळे लांब, क्षितिजावर, आणि किल्ला सपाट जमिनीवर पाण्यात उभा. मात्सुमोतोची उंची समुद्रसपाटीपासून ५९० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पुण्याएवढी. डोंगराचा आधार नाही म्हणून पाण्याचा घेतला आहे. मुळात एकात एक असे तीन खंदक होते. आतला आजही भरलेला आहे, त्यात मोठमोठे कोई मासे आणि हंस असतात. बाहेरच्यांचे बरेच भाग बुजवून रस्ते आणि घरं झाली.

आपल्याकडचा बालेकिल्ला तो इथला होन्मारू. तिथे जायचं ते कुरोमोन, म्हणजे काळ्या दरवाज्यातून. त्याआधी ताइकोमोन लागतो. त्या दरवाज्याशी साडेबावीस टनांचा एक अखंड दगड भिंतीत बसवला आहे, तो हात लावून बघा.

हा कुणी बांधला?

इशिकावा काझुमासा आणि त्याचा मुलगा यासुनागा यांनी. काझुमासा हा तोकुगावा इएयासू या बलाढ्य सरदाराचा जुना विश्वासू, पण १५८५ साली तो त्याला सोडून तोयोतोमी हिदेयोशीकडे, म्हणजे जपान एका हाताखाली आणणाऱ्या सत्ताधीशाकडे गेला. १५९० मध्ये त्याला हा मुलूख मिळाला आणि १५९३-९४ च्या सुमारास मुलाने मुख्य तेन्शू पुरा केला. तेव्हा पूर्वेला इएयासू बसला होता, त्याच्यावर नजर ठेवायला हिदेयोशीला इथे भक्कम ठाणं हवं होतं. किल्ला एवढा उग्र का दिसतो याचं उत्तर त्यात आहे. त्याला ‘कावळा किल्ला’ म्हणतात असं बऱ्याच ठिकाणी वाचाल, पण जुन्या कागदपत्रांत ते नाव सापडत नाही. जुनं नाव फुकाशी.

आत रिकाम्या खोल्याच आहेत म्हणे. मग चढायचं कशाला?

फर्निचर, पडदे, सिंहासन असं काही नाही, हे खरं. पण किल्ल्यांची आवड असेल तर इथे तास कमी पडतो.

आधी जंग्या बघा. उभट फटी बाणांसाठी, चौकोनी बंदुकांसाठी, अशा शंभराहून जास्त आहेत. एकीला डोळा लावला की खंदकाचा पलीकडचा काठ नेमका समोर येतो. त्या काळच्या बंदुकीचा नेम जेवढ्या अंतरावर लागायचा, त्या हिशेबाने पाण्याची रुंदी ठरवली होती. कोपऱ्यांत भिंत बाहेर काढून खाली फट ठेवली आहे, तिच्यातून तट चढणाऱ्यांवर दगड टाकायचे. आतल्या दालनात जुन्या बंदुकांचा मोठा संग्रहही मांडला आहे.

बाहेरून मोजलं तर छपरं पाच, आत मात्र मजले सहा. तिसरा मजला बाहेरून दिसतच नाही. तो छपराच्या पोटात आहे, खिडकी नाही, आत अंधार. अगदी वर, सहाव्या मजल्याच्या आढ्यात, मान वर करून बघितलं तर एक छोटं देवस्थान दिसेल. सव्विसाव्या रात्रीची ही देवी. एका पहारेकऱ्याला तिने दर्शन दिलं आणि दर महिन्याला भात शिजवून माझी पूजा करा, किल्ला राखीन, असं सांगितलं, ही इथली श्रद्धा. गडावरच्या देवीला नमस्कार केल्याशिवाय आपण खाली उतरत नाही. इथेही माझे हात आपोआप जोडले गेले.

आणि मग शेवटी चंद्रदर्शनाची माडी, त्सुकिमी यागुरा. तीन बाजू उघड्या, भोवती लाल रंगाचा सज्जा, एकही जंगी नाही. १६३० च्या दशकात तेव्हाचा इथला सरदार मात्सुदाइरा नाओमासा याने ही बांधली ती शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) इएमित्सू येणार म्हणून. रस्त्यात दरडी कोसळल्या आणि शोगुन आलाच नाही. लढाईचा अंधारा तेन्शू आणि शांततेच्या काळातली ही मोकळी माडी एकाच भिंतीला चिकटून उभ्या आहेत. एकातून दुसरीत पाऊल टाकाल तेव्हा अंगावर एकदम वारा येतो. मला हा किल्ला सगळ्यात जास्त तिथे आवडतो.

जिने फार अवघड आहेत का? आई-वडिलांना नेऊ का?

जिने खरंच उभे आहेत. चौथ्या-पाचव्या मजल्यांमधला तर ६१ अंशांचा, पायरी जवळजवळ ४० सेंटिमीटर उंच. बाहेर बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती हातात धरायची असते, त्यामुळे कठड्याला एकच हात मोकळा राहतो. शिवाय चारशे वर्षांत घासून गुळगुळीत झालेलं लाकूड आणि पायात मोजे.

आम्ही बाबांना घेऊन गेलो तेव्हा चौथ्या मजल्यावर ते थांबले. त्या पायरीवर हात ठेवून म्हणाले, “ही मला पुरे, तुम्ही जाऊन या.” खाली उतरताना शिडीवरून उतरतात तसं, पायऱ्यांकडे तोंड करून, एकेक पाय टेकत उतरले. आई वरपर्यंत आली. तेव्हा वयापेक्षा गुडघे बघून ठरवा. साडी नेसून चढणं धोक्याचं आहे, सलवार किंवा पँट बरी. पाठीवरची सॅक हलकी ठेवा, बुटांची पिशवी सॅकला अडकवली तर दोन्ही हात मोकळे राहतात. हिवाळ्यात जाड मोजे न्या, आत कुठेही ऊब नसते आणि लाकूड बर्फासारखं लागतं.

जे चढणार नाहीत त्यांचं फारसं बिघडत नाही. खंदकाभोवतीची बाग फुकट आहे, बसायला बाकं आहेत, आणि किल्ला मुळात बाहेरूनच जास्त देखणा आहे. खालच्या फळ्यांवर काळी लाख चढवलेली आहे, दर वर्षी शरद ऋतूत कारागीर ती नव्याने लावतात.

तिकीट आणि वेळ?

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच, शेवटचा प्रवेश साडेचारला. २९ ते ३१ डिसेंबर बंद. मोठ्यांचं तिकीट हजार येनच्या थोडं वर आहे आणि ऑनलाइन काढलं तर जरा स्वस्त पडतं. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्या आणि ऑगस्टचा मध्य या दिवसांत जिन्यांवर तासाहून जास्त रांग लागते. उघडतानाच दारात असा.

तोक्योहून कसं यायचं?

शिनजुकुहून ‘आझुसा’ नावाची जलद गाडी थेट येते, अडीच ते पावणेतीन तास, एका बाजूचे साधारण सात हजार येन. देशभराचा जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) असेल तर त्यावर चालते. सगळ्या जागा आरक्षित असतात, शनिवार-रविवारी आधी काढून ठेवा. खिडकी डावीकडची मागा: बोगदे संपले की कोफूचं खोरं एकदम उलगडतं, सगळीकडे द्राक्षांचे मांडव, आणि पुढे सुवा तलावाचं पाणीही त्याच बाजूला.

शिनजुकुहून बसही आहे. ती बरीच स्वस्त, सव्वातीन तासांच्या आसपास, पण रविवारी संध्याकाळी तोक्योच्या तोंडाशी अडकते. त्या दिवशी विमान असलेल्या एका पाहुण्यांचा जीव टांगणीला लागला होता. परतीच्या दिवशी विमान असेल तर रेल्वेच घ्या.

नागोयाहून ‘शिनानो’ गाडी, दोन तास. क्योतोहून येणाऱ्यांना हाच रस्ता सोयीचा. हीच गाडी पुढे नागानोला जाते, तिथून बुलेट ट्रेनने तोक्योला परतता येतं, म्हणजे एकाच वाटेने दोनदा जावं लागत नाही.

गावात फिरायला काय? टॅक्सी करावी का?

चाला. स्टेशनपासून किल्ला पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि रस्ता सपाट. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. चालवत नसेल त्यांच्यासाठी ‘टाउन स्नीकर’ नावाच्या छोट्या गोल फेरीच्या बस आहेत, त्यांपैकी एक चित्रकार कुसामा यायोई यांच्या ठिपक्यांनी रंगवलेली आहे. सुटी नाणी जवळ असू द्या.

सायकल भाड्याने मिळते आणि या गावाला ती शोभते. वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच जातात, त्यामुळे गोंधळ होत नाही. मात्र दिसेल तिथे लावून जाऊ नका, ठरलेल्या जागीच लावा.

किल्ल्याशिवाय काय बघू?

नाकामाची ही जुनी व्यापारी पेठ. १८८८ च्या मोठ्या आगीनंतर व्यापाऱ्यांनी इथे जाड मातीच्या भिंतींची कोठारं बांधली, पांढऱ्या चुन्यावर काळ्या तिरक्या चौकटींची. आता त्यांत लाकडी फर्निचर, मातीची भांडी, कॉफीची दुकानं आहेत. मात्सुमोतोचं हाताने घडवलेलं फर्निचर नावाजलेलं आहे, घेणं परवडलं नाही तरी एखाद्या खुर्चीत बसून बघा.

नदीपलीकडे नावाते गल्ली. जिकडेतिकडे बेडूक: दगडाचे, चिनी मातीचे, पताकांवरचे. मेतोबा नदीत पूर्वी काजिका जातीचे बेडूक गात असत, त्यांची ही आठवण. जपानीत बेडूक म्हणजे काएरू, आणि ‘परत येणं’ हेही काएरूच. प्रवासाला निघालेल्या माणसाला इथले लोक छोटा बेडूक देतात.

किल्ल्याच्या उत्तरेला दहा मिनिटांवर जुनी काईची शाळा. १८७६ साली बांधली, १९६३ पर्यंत त्या इमारतीत वर्ग भरत होते, २०१९ मध्ये राष्ट्रीय ठेवा झाली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती पुन्हा खुली आहे. तातेइशी सेइजू या इथल्या सुताराने पाश्चात्त्य इमारती पाहून, आपल्या हाताला ठाऊक असलेल्या पद्धतीने ती उभारली. म्हणून दारावर शाळेचं नाव धरलेले देवदूत आहेत आणि त्यांच्याखाली ड्रॅगन. खर्चाचा सुमारे ७० टक्के भाग गावकऱ्यांच्या वर्गणीतून आला. किल्ला वाचवणारं आणि शाळा बांधणारं गाव एकच, आणि वर्षंही तीच.

कुसामा यायोई यांचा जन्म १९२९ साली इथलाच. शहराच्या कलासंग्रहालयाच्या अंगणात त्यांची प्रचंड ठिपकेदार फुलं उभी आहेत, ती रस्त्यावरूनही दिसतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होईल का?

होणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. इथलं मुख्य अन्न सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. शेवया शाकाहारी, पण ज्या पाण्यात बुडवून खातात ते ‘त्सुयु’ वाळवलेल्या माशाच्या अर्काचं असतं. वाटीत मासा दिसत नाही, म्हणून लोक फसतात. उपाय सोपा: थंड ‘झारू सोबा’ मागवा, त्सुयु बाजूला ठेवा आणि ‘शिओ’ म्हणजे मीठ मागा. ताजा किसलेला वासाबी (झणझणीत हिरवा कंद) आणि मीठ लावून खा. इथे असं खाणारे दर्दी असतात, कुणी विचित्र नजरेने बघत नाही. शेवटी शेवया उकडलेलं गरम पाणी किटलीतून आणून देतात, ते तसंच प्या. आपली भाताची पेज आठवते.

ओयाकी म्हणजे सारण भरलेला जाडसर पिठाचा गोळा. भोपळ्याचा किंवा लाल चवळीसारख्या गोड डाळीचा घ्या, दुसरा खाताना कडबूची आठवण होईल. ताइयाकी माशाच्या आकाराचा असतो, पण आत तेच गोड सारण, पिठात मात्र अंडं असू शकतं. हेही सांगून ठेवते: नागानोत घोड्याचं मांस खातात. मेनूवर ‘बासाशी’ किंवा ‘साकुरा-निकु’ दिसलं तर ते तेच. ‘सान्झोकु-याकी’ म्हणजे तळलेलं कोंबडीचं मांस, खाणाऱ्यांनी जरूर खावं.

हे वाक्य पाठ करा: “निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशि मो दामे देस.” मांस-मासे खात नाही, माशाचा अर्कही चालत नाही.

कधी यावं?

एप्रिलच्या मध्यावर. तोक्योचा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, झडलेला असतो, इथला फुललेला, आणि मागे जपानी आल्प्सच्या डोंगरांवर बर्फ. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवातही सुरेख. जानेवारीत सकाळी शून्याच्या खाली जातं, पण हवा इतकी स्वच्छ की डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात.

एक रात्र पुरे की दोन?

दोन. एक दिवस गावाला, एक कामिकोचीला. स्टेशनवरून छोट्या गाडीने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा, तिथून बसने तासाभरात दीड हजार मीटर उंचीवरचं हे खोरं. खासगी गाड्यांना बंदी आहे. एप्रिलच्या मध्यापासून १५ नोव्हेंबरपर्यंतच खुलं असतं. ताइशो तळ्यापाशी उतरा (१९१५ साली याकेदाके ज्वालामुखीच्या उद्रेकाने नदी अडून ते झालं) आणि नदीकाठाने काप्पा पुलापर्यंत तासभर चाला. परतीच्या बसची वेळ उतरल्या-उतरल्या बघून ठेवा.

रात्री मुक्काम असला की आणखी एक मिळतं: जेवणानंतर खंदकाकाठी जा. किल्ल्यावर दिवे असतात, गर्दी गेलेली असते, आणि वारा पडला की पाण्यात दुसरा किल्ला उलटा उभा राहतो.

परतीच्या गाडीला दीड तास उरला आहे. काय करू?

रिकामी बाटली घेऊन गेन्ची विहिरीवर जा, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. डोंगरात मुरलेलं पाणी या गावाखालच्या गाळातून वर येतं आणि चौकाचौकांत वाहत राहतं. २००८ साली इथल्या झऱ्यांची गणना देशातल्या नावाजलेल्या शंभर पाण्यांत झाली. गेन्ची त्यांतली जुनी, किल्लेदारांच्या काळापासून जपलेली. लाकडी छपराखालून पाणी दिवसरात्र पडत असतं, त्याचा आवाज कोपऱ्यावरूनच येतो. सकाळी आजूबाजूच्या आज्या कॅन घेऊन येतात, चहासाठी, सोब्यासाठी नेतात. एकीने मला बाजूला होऊन आधी भरू दिलं आणि खुणेने सांगितलं, पहिली ओंजळ इथेच पी. तुम्हीही तिथेच प्या, मग बाटली भरा. आझुसामध्ये बसेपर्यंत ती गार राहते.